‘असा नियमच आहे’ असं कुणी म्हटलं की पुढे काय विचारायचं

वाद रंगात आला की कुणीतरी हे वाक्य टाकतंच, ‘अहो, असा नियमच आहे’, आणि समोरचा गप्प बसतो. खरं तर गप्प बसायचं काहीच कारण नसतं, कारण नियम असणं वेगळं, तो कायदा असणं वेगळं, आणि कायदा असला तरी तो तुमच्या प्रसंगाला लागू पडतो का हा तिसराच प्रश्न. लॉ कॉलेजात यावर ज्युरिसप्रुडन्स, म्हणजे ‘मुळात कायदा म्हणजे काय’ याचा विचार करणारा, अख्खा विषय असतो आणि बहुतेक पोरं तो रट्टा मारून पास होतात, पण त्यातले काही प्रश्न नीट उचलले तर कुठल्याही नियमाला हात घालायची एक बरी पद्धत मिळते. तीच इथे सांगतोय. लॉचे विद्यार्थी असाल तर उत्तरपत्रिकेत वापरा, नसाल तर भांडणात वापरा.

सोबत घ्यायला एक साधा नियम लागेल. समजा एका वाचनालयात पाटी आहे, ‘येथे मोबाईल वापरण्यास मनाई आहे’. बस, एवढाच. याच्यावरच सगळं करून बघू.

आधी बघा, हा नियम आहे की नुसती सवय

समजा पाटी नाहीच, पण तिथे कुणीच फोन काढत नाही. मग तिथे नियम आहे का? बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, सगळे एकसारखं वागतायत. फरक कळतो तो कुणीतरी वेगळं वागल्यावर. वाचनालयात येणारे बहुतेक लोक खिडकीजवळ बसत असतील आणि तुम्ही कोपऱ्यात बसलात तर कुणी काही बोलणार नाही. पण फोन काढला आणि चार जणांनी वळून बघितलं, एकानं ‘अहो, इथे चालत नाही’ असं सुनावलं, आणि मुख्य म्हणजे तुम्हीही ‘सॉरी सॉरी’ म्हणत फोन खिशात टाकलात, तर तिथे नियम आहे, मग पाटी असो नसो. टीका करणाऱ्याला वाटतं की आपल्याला बोलायचा हक्क आहे आणि ऐकणाऱ्यालाही ते पटतं. एच. एल. ए. हार्ट या इंग्लिश कायदेपंडितानं १९६१ साली हे नीट मांडलं, की नियमाला एक आतली बाजू असते, लोक त्याच्याकडे मोजमाप म्हणून बघतात, स्वतःलाही त्यानं मोजतात आणि दुसऱ्यालाही. सवयीला ही आतली बाजू नसते.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा: हे मोडलं तर लोक नुसते चकित होतील की चूक काढतील? नुसते चकित होणार असतील तर पुढे जायची गरजच नाही, तो नियम नाही.

शिक्षा आहे म्हणून कायदा, हे डोक्यातून काढा

ही सगळ्यात चिवट समजूत. ‘दंड आहे का? मग कायदा.’ याचं मूळ जुनं आहे, जॉन ऑस्टिन या इंग्लिश कायदेपंडितानं १८३२ साली सांगितलं होतं की कायदा म्हणजे सार्वभौम सत्तेची आज्ञा, आणि आज्ञा म्हणजे ‘असं कर, नाहीतर भोगशील’ अशी धमकी पाठीशी असलेली इच्छा. ऐकायला दणदणीत वाटतं, आणि फौजदारी कायद्यापुरतं बरंचसं जुळतंही. पण मग बंदूक रोखून पाकीट मागणारा दरोडेखोर आणि कर मागणारं सरकार यात फरक काय राहिला? दोघंही धमकीच देतायत. दरोडेखोराला तुम्ही पाकीट देता कारण द्यावं लागतं, पण ते देणं तुमचं कर्तव्य होतं असं कुणी म्हणणार नाही, उलट दिलं नाही आणि निसटलात तर लोक पाठ थोपटतील.

आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. कायद्यातले ढीगभर नियम धमकी देतच नाहीत. मृत्युपत्र कसं करायचं, साक्षीदार किती लागतात, करार कधी पक्का होतो, कंपनी कशी काढायची, हे सगळे नियम तुम्हाला काहीतरी करायची ताकद देतात. साक्षीदारांच्या सह्या घेतल्या नाहीत तर पोलीस दारात येत नाहीत, मृत्युपत्र फक्त रद्दबातल ठरतं. काही जण म्हणतात की रद्द होणं हीसुद्धा शिक्षाच, पण ते ओढूनताणून आहे हो, कारण शिक्षा काढून टाकली तरी ‘चोरी करू नये’ हे वाक्य उरतं आणि त्याला अर्थही राहतो, पण ‘दोन साक्षीदार नसतील तर मृत्युपत्र होत नाही’ यातून ते ‘होत नाही’च काढून टाकलं तर नियमच उरत नाही.

तेव्हा नियम हातात आला की त्यातला दंड शोधण्याआधी बघा, हा नियम एखादी गोष्ट करू नको म्हणतोय की एखादी गोष्ट कशी करायची ते सांगतोय. आपल्या पाटीचा नियम पहिल्या जातीचा आहे. पण ती पाटी लावायचा अधिकार ग्रंथपालाला देणारा जो नियम असेल तो दुसऱ्या जातीचा, आणि खरी मजा तिथे सुरू होते.

आता नियमाचं घराणं विचारा

पद्धतीतला हा सगळ्यात कामाचा भाग, इथे घाई करू नका. विचारायचं असं: ‘हा नियम कुणी केला? त्याला तो करायचा अधिकार कुणी दिला? त्या अधिकार देणाऱ्याला कुणी दिला?’ असं वर वर चढत जायचं.

पाटी ग्रंथपालानं लावली. का लावता आली? वाचनालय खासगी संस्थेचं असेल तर संस्थेच्या नियमावलीत तसं असेल, आणि तुम्ही सभासद होताना फॉर्मवर सही करून ‘नियम मान्य’ म्हणालेले असाल. म्हणजे पाटी स्वतः कायदा नाही, पण कराराचा कायदा तिच्या पाठीशी उभा राहू शकतो. ऑफिसची पॉलिसी, क्लबचे नियम, ॲपच्या अटी, सगळ्यांचं हेच. ‘हा कायदा नाही’ एवढं म्हणून हात झटकायचे नाहीत आणि ‘नियम आहे म्हणजे कायदाच’ असं घाबरायचंही नाही, मधला करार कुठे आहे आणि त्यात काय लिहिलंय ते बघायचं. वाचनालय सरकारी असेल तर साखळी वेगळी: पाटी, तिच्यावर खात्यानं केलेले नियम, त्यांच्यावर विधिमंडळानं केलेला कायदा, आणि त्याच्यावर राज्यघटना. यातली एक कडी जरी तुटली, म्हणजे समजा मूळ कायद्यानं खात्याला फक्त वेळा ठरवायचा अधिकार दिलाय आणि खात्यानं फोनवर बंदी घातली, तर तो नियम कितीही चांगला असला तरी अधिकाराबाहेरचा म्हणून पडतो. नियम शहाणा असणं आणि वैध असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वाद घालताना लोक या दोन हमखास एकत्र कालवतात.

हार्टनं या वरच्या नियमांना दुय्यम नियम म्हटलं, म्हणजे नियमांबद्दलचे नियम. त्याचा विचार असा की नुसत्या ‘करा, करू नका’वर एखादा छोटा समाज चालेल, पण तिथे तीन अडचणी येणारच: नक्की कुठला नियम खरा हे कळायची सोय नाही, जुना बदलून नवा करायची सोय नाही, आणि कुणी मोडलाय का यावर वाद झाला तर तो मिटवायची सोय नाही. मग ओळखायचे नियम, बदलायचे नियम आणि निवाड्याचे नियम येतात आणि नुसत्या नियमांच्या ढिगाची कायदाव्यवस्था होते. माझ्या मते कायद्याच्या स्वरूपाबद्दल यापेक्षा उपयोगी कल्पना कुणी दिलेली नाही, अपुरी आहे हे मान्य करूनसुद्धा.

बरं, चढता चढता सगळ्यात वर पोहोचलात की काय? राज्यघटना वैध का? इथे ‘अधिकार कुणी दिला’ हा प्रश्न संपतो. हार्ट म्हणतो की सगळ्यात वरचा, म्हणजे कायदा कुठला ते ओळखायचा नियम वैधही नसतो आणि अवैधही नसतो, तो फक्त असतो, न्यायाधीश, अधिकारी, आमदार-खासदार त्यालाच मोजमाप मानून रोज काम करतात म्हणून. मीटर ज्या पट्टीवरून ठरायचा ती पॅरिसमधली मूळ मीटरपट्टी बरोबर एक मीटर आहे का हे त्या काळी विचारण्यासारखंच ते, मोजणार कशानं? म्हणून वरच्या टोकाला पुस्तक बंद करायचं आणि माणसं काय करतात ते बघायचं. हान्स केल्सन या ऑस्ट्रियन कायदेपंडितानं हेच टोक वेगळ्या तऱ्हेनं बांधलं, त्याच्या मते तिथे एक मूलभूत प्रमाण, म्हणजे बाकी सगळ्या कायद्याला आधार देणारा पायाचा नियम, गृहीत धरावं लागतं, प्रत्यक्षात कुणी काय करतं यावर ते टांगलेलं नसतं, मात्र एकूण व्यवस्था परिणामकारक असेल तरच ते गृहीत धरायला अर्थ.

ही सगळी हवेतली चर्चा वाटत असेल तर हे वाचा. ऑक्टोबर १९५८ मध्ये पाकिस्तानात राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झांनी राज्यघटना रद्द करून मार्शल लॉ लावला. त्याच महिन्यात तिथलं सुप्रीम कोर्ट ‘डोसो’ केसमध्ये केल्सनचा आधार घेऊन म्हणालं की यशस्वी झालेली क्रांती स्वतःच नव्या कायद्याचा पाया असते. आणि गंमत बघा, महिना संपायच्या आत लष्करप्रमुख अयुब खाननी मिर्झांनाच खुर्चीवरून उतरवलं. पुढे १९७२ साली ‘असमा जिलानी’ केसमध्ये त्याच कोर्टानं डोसोचा निकाल चुकीचा ठरवला, केल्सनचा अर्थ नीट लावला नव्हता असंही म्हटलं आणि अयुबनंतर सत्तेवर आलेल्या याह्या खानला सत्ता बळकावणारा ठरवलं, अर्थात तोवर याह्या खुर्चीवर नव्हता. तेव्हा साखळीच्या टोकाला काय आहे हा प्रश्न परीक्षेपुरता नाही, आणि ‘अधिकारी मानतात म्हणून’ या उत्तरात किती धोका आहे तेही यातून कळतं. हार्टला तो दिसत होता, अधिकारी मानतात आणि बाकीचे मेंढरासारखे मागे जातात अशा ठिकाणीही कायदाव्यवस्था असू शकते हे त्यानंच लिहून ठेवलंय.

मग शब्दांवर या

घराणं चोख निघालं, पाटी वैध आहे. आता ती लागू कुठे पडते? फोनवर मोठ्यानं बोलणारा माणूस सरळ सापडला, त्यावर वाद नाही. पण फोनवर पुस्तकाच्या पानाचा फोटो काढणारा? सायलेंट फोनवर ई-बुक वाचणारा? कानातल्या श्रवणयंत्राचा आवाज फोनच्या ॲपवरून कमी-जास्त करणारा? खिशात फोन वाजला आणि त्यानं तो बंद करण्यासाठी हातात घेतला, तो ‘वापर’ झाला का?

१९५८ साली हार्ट आणि अमेरिकन कायदेपंडित लॉन फुलर यांच्यात याच मुद्द्यावर गाजलेला वाद झाला, बागेत वाहन आणायला बंदी या उदाहरणावर. हार्टचं म्हणणं, शब्दाला एक पक्का गाभा असतो आणि कडेला धूसर पट्टा. गाभ्यात नियम स्वतःच काम करतो, धूसर भागात न्यायाधीशाला निवड करावी लागते. फुलर म्हणाला, गाभाही तितका पक्का नाही, लोकांनी युद्धस्मारक म्हणून चालू स्थितीतला लष्करी ट्रक बागेत चौथऱ्यावर बसवायचा म्हटला तर? ट्रक हे वाहनच की, पण नियमाचा हेतू त्याला लागू पडत नाही. म्हणजे गाभ्यातसुद्धा आपण न कळत हेतू वाचतच असतो.

कोर्टं प्रत्यक्षात दोन्हीकडे झुकतात, आणि कधी कुठे झुकतील याचा अंदाज घ्यायला काही जुन्या केस डोक्यात ठेवाव्या. १८६८ ची इंग्लंडमधली ‘व्हाइटली विरुद्ध चॅपेल’: एकानं मेलेल्या माणसाच्या नावानं मत दिलं. कायद्यात गुन्हा होता ‘मत द्यायचा अधिकार असलेल्या व्यक्तीचं’ सोंग घेणं. मेलेल्याला मताचा अधिकार नसतो, म्हणून आरोपी सुटला! १९६० ची ‘फिशर विरुद्ध बेल’: ब्रिस्टलच्या दुकानदारानं बटणाचा चाकू काचेआड मांडला होता, कायद्यात ‘विक्रीचा प्रस्ताव देणं’ गुन्हा होता, पण करार कायद्यात दुकानात वस्तू मांडणं हा प्रस्ताव नसतो, ते गिऱ्हाइकाला प्रस्ताव करायचं आमंत्रण असतं, म्हणून तोही सुटला आणि पार्लमेंटला १९६१ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला. अमेरिकेत १९३१ च्या ‘मॅकबॉइल’ केसमध्ये चोरीचं विमान एका राज्यातून दुसऱ्यात नेलेल्या माणसाला मोटार वाहन चोरीचा कायदा लागला नाही, कारण वाहन म्हटल्यावर सामान्य माणसाच्या डोळ्यासमोर जमिनीवरून धावणारी गोष्ट येते. आणि २०१५ च्या ‘येट्स’ केसमध्ये तर मासा ही ‘मूर्त वस्तू’ आहे का यावर ५ विरुद्ध ४ असं सुप्रीम कोर्ट फुटलं. मच्छीमारानं नियमापेक्षा लहान मासे पुरावा नको म्हणून समुद्रात फेकायला लावले होते, आणि त्याला लावलेलं कलम होतं आर्थिक घोटाळ्यांनंतर २००२ साली केलेल्या कायद्यातलं, ‘नोंद, दस्तऐवज किंवा मूर्त वस्तू’ नष्ट करण्याबद्दलचं. मच्छीमाराच्या बाजूच्या पाचांपैकी चौघांनी सांगितलं की इथे मूर्त वस्तू म्हणजे माहिती नोंदवायची किंवा साठवायची वस्तू. मासा हाताला लागतो हो, पण तो काही हार्ड डिस्क नव्हे.

यातून करायचं काय? आधी कायद्यात व्याख्येचं कलम आहे का बघा, असेल तर निम्मा वाद तिथेच मिटतो. मग शेजारचे शब्द वाचा, मच्छीमाराला वाचवलं ते शेजारच्या ‘नोंद’ आणि ‘दस्तऐवज’ या शब्दांनी. मग हेतू विचारा: पाटी शांततेसाठी असेल तर श्रवणयंत्रवाला सुटतो आणि ई-बुकवालाही, पण पाटी दुर्मिळ हस्तलिखितांच्या खोलीत असेल आणि हेतू नक्कल होऊ नये हा असेल तर शांतपणे फोटो काढणाराच खरा गुन्हेगार, आणि हळू आवाजात बोलणारा त्यामानानं निरुपद्रवी. तोच शब्द, तोच नियम, उत्तर उलटं. आणि शेवटी बघा की नियम ताणला तर भुर्दंड कुणाला पडतो. शिक्षा असेल तर कोर्ट शब्द ताणायला सहसा कचरतं, कारण माणसाला आधीच कळायला हवं होतं ना की हे करू नये.

शब्द स्पष्ट आणि निकाल भयंकर

हा शेवटचा आणि अवघड टप्पा. न्यूयॉर्कमधली १८८९ ची ‘रिग्ज विरुद्ध पामर’: आजोबांनी मृत्युपत्रात नातवाला बरंच काही ठेवलं होतं, आजोबा मृत्युपत्र बदलतील या भीतीनं नातवानं त्यांना विष दिलं. खुनाची शिक्षा झालीच, पण मालमत्तेचं काय? मृत्युपत्राच्या कायद्यात कुठेही लिहिलं नव्हतं की खुनी वारसाला मिळणार नाही. सह्या बरोबर, साक्षीदार बरोबर, नियम पूर्ण. तरी बहुमतानं मालमत्ता नाकारली, कारण स्वतःच्या गैरकृत्यातून कुणालाही फायदा उठवता येत नाही हे तत्त्व. अल्पमतात न्यायमूर्ती ग्रे होते आणि त्यांचा मुद्दा कच्चा नव्हता: फौजदारी कायद्यानं ठरवलेली शिक्षा तो भोगतोय, वर मालमत्ता काढून घेऊन आपण शिक्षेत भर घालणारे कोण?

रोनाल्ड ड्वॉर्किन या अमेरिकन कायदेपंडितानं १९६७ मध्ये ही केस पुढे करून हार्टवर हल्ला चढवला. नियम लागू पडतो किंवा पडत नाही, अधलंमधलं नाही. तत्त्वाला मात्र वजन असतं, ते एखाद्या केसमध्ये हरलं तरी मरत नाही, पुढच्या केसमध्ये पुन्हा तराजूत बसतं. आणि अशी तत्त्वंही कायद्याचाच भाग असतील तर कायदा म्हणजे ओळखायच्या नियमाची चाचणी पास झालेले नियम, हे चित्र अपुरं पडतं. मला ड्वॉर्किनचा हा मुद्दा पटतो, पण त्यावरून प्रत्येक अवघड केसला एकच बरोबर उत्तर असतं असं तो पुढे म्हणतो ते काही पचत नाही, ग्रे यांचं मत वाचल्यावर तर नाहीच.

तत्त्व वापरताना एक पथ्य पाळा. ‘हे अन्याय्य आहे’ एवढ्यानं भागत नाही, ते तुमचं मत झालं. तत्त्व हे त्याच कायद्यात आधी कुठेतरी काम करताना दाखवावं लागतं. रिग्जमध्ये कोर्टानं हेच केलं, विमा उतरवलेल्याचा खून करणाऱ्याला विम्याचे पैसे मिळत नाहीत, फसवून करून घेतलेलं मृत्युपत्र टिकत नाही, अशी उदाहरणं आधीपासून होती. श्रवणयंत्रवाल्यासाठी भांडायचं असेल तर ‘बिचारा’ म्हणू नका, अपंगांना सोयी द्यायचं बंधन कायद्यात कुठे आहे ते काढून समोर ठेवा.

एक तपासणी राहिली, ती झटपट होते. नियम पाळता येण्यासारखा तरी आहे का? फुलरनं १९६४ साली कायदा फसायच्या आठ वाटा सांगितल्या: सर्वांसाठी सारखे नियमच नाहीत, जाहीर केले नाहीत, मागच्या तारखेपासून लावले, कळत नाहीत, एकमेकांविरुद्ध आहेत, करणं अशक्य आहे, सारखे बदलतात, आणि लिहिलंय एक आणि अंमल दुसराच. रोमन सम्राट कॅलिगुलाबद्दल सांगतात की त्यानं कराचा कायदा बारीक अक्षरात अशा जागी लावला की कुणाला वाचून नक्कल करता येऊ नये. बहुतेक वाईट नियम या आठांपैकी एकात सापडतातच, आणि सापडला की समोरच्याशी नियम चांगला की वाईट यावर भांडत बसावं लागत नाही, ‘हा जाहीर कधी केलात?’ एवढं विचारून तारीख मागायची.

आणि ही पद्धत आंतरराष्ट्रीय कायद्यावर चालवायला जाल तर घराण्याच्या टप्प्यावर अडाल, हे आधीच सांगून ठेवतो. तिथे सगळ्यांवरचं विधिमंडळ नाही, आपणहून मान्यता दिल्याशिवाय देशाला कोर्टासमोर सहसा खेचता येत नाही, आणि हार्टलाही तिथे ओळखायचा नियम सापडला नव्हता, त्याच्या मते ते नियम होते पण व्यवस्था नव्हती. तिथे उलटं करा, आधी पहिला टप्पा घ्या: करार मोडणारा देश ‘आम्हाला कुठलाच नियम लागू नाही’ म्हणतो की ‘आम्ही मोडलाच नाही, अपवादात बसतो’ म्हणून कागद काढतो ते बघा.